गठ्ठा संपल्यावर

प्रिय टाचणी,

पुडकं आधी फोडलं असशील तर तुझी खैर नाही. दातांनी दोरा तोडायची तुझी सवय मला चांगली ठाऊक आहे. ठेव ते बाजूला आणि आधी हे वाच.

तुझं पत्र दुकानात वाचलं, आणि वाचता वाचता एका गिऱ्हाइकाच्या चष्म्याची दांडी वाकडी करून बसले. लग्न होऊन त्या घरात गेल्यापासून तुझ्या बेकरीवाल्या नवऱ्याची पहिली लेक तुझ्याशी हूं की चूं करत नव्हती, हे तू मागेही लिहिलं होतंस. मग परवा तिने आपणहून टेबलावर तिचे ते चित्रांच्या लढाईचे पत्ते मांडले आणि तुझ्यासाठी खुर्ची ओढली. अगं, ह्याच घटकेसाठी तर आपण हा खेळ शिकण्या-शिकवण्याचा एवढा खटाटोप केला होता! आणि डावात नेमका तुझा ओढायच्या पत्त्यांचा गठ्ठा संपला. तू मी शिकवलं होतं तसंच केलंस. खेळून झालेल्या पत्त्यांचा ढीग उचललास, पिसलास, उलटा मांडलास आणि त्यातला वरचा पत्ता ओढलास. पोरीने तुझ्याकडे पाहिलं, ही चीटिंग आहे म्हणाली आणि उठून गेली. आता ती तुझ्याबरोबर जेवायलाही बसत नाही. तू विचारतेस, भिंगबाई, खरं सांग, नियम काय आहे?

तुझं ते शिकणं आठवतं का? माझ्या दुकानाची मागची खोली, भिंगं घासायच्या मशीनशेजारचं ते डुगडुगणारं टेबल. दुपारी गिऱ्हाईक नसायचं. खिडकीतलं ऊन फळीवर ठेवलेल्या भिंगांमधून यायचं आणि टेबलावर गोल कवडसे पडायचे, मग ते हळूहळू सरकत पत्त्यांवर चढायचे. चंद्राच्या नावाड्यावर कवडसा आला की त्याची होडी खरंच हलायला लागायची, आणि आपण दोघी खेळ सोडून बघत बसायचो. मी तुला ताकदीचे आकडे समजावतेय आणि तू म्हणतेस, ह्या धुक्याच्या राणीच्या बाहीला चुण्या चुकीच्या घातल्यात, हात वर केला की उसवेल. दोऱ्याची रिळं लावावीत तसे सगळे पत्ते रंगाप्रमाणे लावून ठेवलेस, तेव्हा मी कपाळाला हात लावला होता. आणि तो निजलेला डोंगर! तुझ्या हातातला सगळ्यात दांडगा पत्ता, पण त्याला लढायला कधी पाठवशील तर शपथ. झोपलाय बिचारा, झोपू दे, म्हणायचीस. असं कोणी खेळतं का, बये? हरायचीस आणि वर चहा मलाच करायला लावायचीस.

तर, तुझं पत्र पर्समध्ये घालून, हे पत्ते जिथे विकतात आणि खेळतातही, त्या दुकानात मी गेले. इतकी वर्षं त्याच रस्त्याने जाते, पण आत कधी पाऊल टाकलं नव्हतं. लांब टेबलं, त्यांच्यावर वाकलेली डोकी, आणि इतकी शांतता की पत्ता ठेवल्याचा आवाज ऐकू यावा. गल्ल्यावर एक जाडजूड, हसरी बाई होती. तिला मी आपला नियम सांगितला. तिने दोनदा विचारलं, नक्की ह्याच खेळाबद्दल बोलताय ना? मग म्हणाली, अहो ताई, गठ्ठा संपला की माणूस हरतो. पहिल्यापासून असंच आहे. उलटा करून परत सुरू, असं कुठेच नाही. मी तिच्याशी वाद घातला, खोटं कशाला सांगू. चांगली तणतणले. माझ्या दादाने शिकवलंय म्हटलं, तो काय खोटं शिकवेल?

दादाबद्दल तुला थोडंच माहीत आहे. माझ्याहून बराच मोठा, आणि मी शाळेत जायला लागले तेव्हापासून त्याचं दुखणं छातीत घर करून बसलेलं. त्याला पलंगावरून उठायची मनाई होती. मी म्हणजे एका जागी ठरेन तर शपथ, पायाला भिंगरी. मला बसवायला म्हणून त्याने हे पत्ते काढले. पलंगावर चादरीच्या घड्या पाडून तो डोंगर करायचा, दऱ्या करायचा, आणि त्या चादरीच्या मुलखात आमचे पत्ते फिरायचे. नावाडी मरायचा आणि परत यायचा. राणी धुक्यात विरायची आणि परत यायची. दादा म्हणायचा, संपले? मग उलटे कर, परत उजाडलं. मला वाटायचं, जगातले सगळे डाव असेच असतात. खेळता खेळता मला पेंग यायची, आणि स्वप्नातही मी पत्तेच ओढत असायचे. आमचा एकही डाव संपल्याचं मला आठवत नाही. मग एक दिवस दादाच गेला, आणि पत्ते पेटीत गेले.

घरी येऊन आईला विचारलं. आईला त्यातला एक पत्ता ओळखता येत नाही, शेंगा सोलत होती. म्हणाली, नियमबियम मला काही कळत नाही बाई. पण खाली मुली तुला हाका मारायच्या, आणि तुझा गठ्ठा बारीक होत आला की ह्याचा चेहरा उतरायचा. तू उठून पळालीस की तो भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. मग नंतर नंतर तू उठेनाशीच झालीस. एवढं बोलून ती परत शेंगा सोलायला लागली. मी तिथेच जमिनीवर बसले आणि ह्या वयात लहान पोरीसारखी रडले. आईने शेंगा माझ्यापुढे सरकवल्या.

तेव्हा ऐक, टाचणी. नियम खोटा आहे. पोरगी बरोबर आहे, हे तिला आधी सांग, अगदी तोंडावर सांग. तिला म्हणावं, तुझ्या नियमाने खेळू. मग खेळ आणि हर, ते तुला छान जमतं. तुझा गठ्ठा संपला की ह्या वेळी ढीग उलटा करू नकोस, हात मांडीवर ठेव आणि तिला माझ्या दादाची गोष्ट सांग. कुणीतरी समोरून उठू नये म्हणून एका आजारी मुलाने तो नियम काढला होता, आणि तुलाही नेमकं तेच हवंय, हे तिला सांग. शिवण चुकली की तू झाकत नाहीस, उसवून दाखवतेस, तसंच कर. पुढचं तिच्यावर सोड. ढीग उलटा करायचा की नाही, ते तिला ठरवू दे.

आता फोड पुडकं. हे दादाचे पत्ते आहेत, सगळे, निजलेल्या डोंगरासकट. रडू नकोस, पत्ते भिजतील. तू गेल्यापासून मी दुपारी ते टेबलावर मांडते, कवडसे येतात, सरकतात, आणि समोरच्या खुर्चीत कोणी नसतं. खरं सांगायचं तर तुला शिकवताना मलाही तो नियम फार सोयीचा वाटायचा. तुझा गठ्ठा संपत आला की माझाही चेहरा उतरायचा. पण ते पत्ते आता तिथे हवेत, जिथे समोरासमोर बसायला दोन माणसं आहेत. मात्र फुकट देत नाही हं. ह्या पत्त्यांची अदलाबदल करतात म्हणे. पोरीला सांग, मावशीला बदल्यात तुझा एक पत्ता हवाय, कुठलाही, दुमडलेला चालेल. आणि तो पाकिटात घालून वर माझं नाव-गाव लिहायचं काम तिलाच करू दे. पाकिटावर तिचं अक्षर दिसलं की मी समजेन, ती उठली नाही.

तुझीच,
भिंगबाई