कोमट पाणी

२ जून

पोहोचलो एकदाचे! मी, माझी चिऊ आणि कपड्यांची बोचकी. उपचार केंद्राने दिलेली खोली छान आहे. दोन खाटा, फाटकाकडे उघडणारी मोठी खिडकी आणि आत स्वतंत्र न्हाणीघर. तिथे नळाशेजारी खिळ्याला थर्मामीटर टांगलाय. चिऊने विचारलं, न्हाणीघराला ताप येतो का गं? हसून हसून माझी मुरकुंडी वळली. सात वर्षांची आहे, पण तोंडाचा पट्टा माझ्यावर गेलाय.

उद्यापासून लाँड्रीत काम. चादरी धुवायच्या, वाळवायच्या, मोठ्या इस्त्रीखाली घालायच्या. माझ्यासारखीला कोण काम देणार होतं? आमच्या घरातल्या बायकांच्या पायांची आग होते. जिची होते तिलाच ठाऊक. माझ्या आईचं निम्मं आयुष्य पाय बादलीत बुडवून गेलं. मग ते मला लागलं. धाकटी बहीण सुटली, नशीबवान. आणि आता चिऊ पांघरुणातून पाय बाहेर काढायला लागलीये. ते पहिल्यांदा पाहिलं त्या रात्री मी तिच्या पायथ्याशी जागीच बसले होते. म्हणून तर इथे आले. इथे काम करायचं, राहायचं आणि उपचारही घ्यायचे.

५ जून

आज डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. आमच्या जनुकात एक बारीकशी चूक आहे, त्यामुळे नसांमधली घंटा कारण नसताना वाजत राहते. त्या तेवढीच चूक काढून दुरुस्त तुकडा बसवणार. मी म्हटलं, म्हणजे बाही उसवून नवी लावायची. त्या म्हणाल्या, अगदी तसंच, फक्त ही पुन्हा उसवता येत नाही.

आधी माझा उपचार, सगळं ठीक दिसलं तर दोन महिन्यांनी चिऊचा. मी दोघींसाठी लगेच हो म्हटलं. त्यांनी मला थांबवून सांगितलं, घाई नको, सुई टोचेपर्यंत कधीही नाही म्हणता येईल, तोंडाने नुसतं नाही म्हटलं तरी पुरे. मी काय वेडी आहे नाही म्हणायला?

इथली एक गंमत. उपचार झालेल्यांना भाजलं, कापलं तरी कळत नाही. म्हणून संध्याकाळी प्रत्येकाने आपल्या जोडीदारासमोर उभं राहायचं आणि त्याने हातपाय उलटसुलट करून बघायचे. याला ‘पाहणी’ म्हणतात. पाण्यात हात घालून अंदाज घ्यायचा नाही, थर्मामीटर बुडवायचा, हाही नियमच. माझी जोडीदार स्वयंपाकघरातली मावशी. तिचे उपचार फार पूर्वीच झालेत.

२१ जून

आग गेली. गेली म्हणजे गेलीच! पायांवर पांघरूण घेऊन झोपले, जन्मात पहिल्यांदा. सकाळी उठून ओक्साबोक्शी रडले. चिऊ घाबरली, तिला म्हटलं, अगं वेडे, आनंदाने रडतेय. मग दोघी चादरींच्या ढिगावर नाचलो. ती धपकन माझ्या पायावर पडली, तर मला पत्ता नाही. आई आज असती तर तिची ती बादली मी खिडकीतून भिरकावून दिली असती.

३ जुलै

पाहणीच्या वेळी मावशीशी गप्पा मारत होते. सहज विचारलं, घरी कोण असतं? म्हणाली, मुलगा होता, दोन वर्षांपूर्वी अपघातात गेला. त्या दिवशीसुद्धा इथला स्वयंपाक वेळेवर झाला होता, असंही म्हणाली. आणि त्याच सुरात पुढे, तुझ्याकडे ओटा पुसायला जुने टॉवेल आहेत का?

माझ्या अंगावर काटा आला. तडक डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी लपवलं नाही. काही जणांमध्ये असं होताना दिसतंय, सगळ्यांमध्ये नाही, का ते अजून कळलेलं नाही, असं म्हणाल्या. चेहरा उतरला होता बिचारीचा. मला काही वेगळं वाटतंय का विचारलं. मी म्हटलं, छे हो, मी तर उठता-बसता रडणारी बाई!

१९ जुलै

धाकटीचा फोन आला. बाबा गेले.

मी बरं म्हटलं. हातातली चादर अर्धी घडी करून झाली होती, ती पुरी केली. धाकटी हुंदके देत होती. मध्येच थांबून म्हणाली, अगं, तुझं काळीज दगडाचं झालंय का? मी खरंच विचार केला त्यावर. दगड जड तरी लागतो.

चिऊ माझ्या कुशीत शिरून आजोबांसाठी रडली. माझा एप्रन ओला झाला. बदलायला हवा, एवढंच डोक्यात आलं.

मला भीती वाटायला हवी आहे. हे मला कळतं.

३० जुलै

चिऊ हल्ली सारखी माझ्याकडे टक लावून बघते. मुद्दाम पेला फोडला. मी काचा उचलल्या. म्हणाली, ओरड ना गं. मी विचारलं, कशाला?

संध्याकाळी पाहणीत मावशीने माझ्या तळव्यातून काच काढली.

४ ऑगस्ट

चिऊचे पाय खूप दुखत होते. नुसतं गार पाणी तिला झोंबतं, म्हणून न्हाणीघरात गरम मिसळून टब भरला. तिच्या जन्मापासून करते तसंच केलं, आधी स्वतःचा हात घालून पाहिलं. कोमट वाटलं. थर्मामीटर तिथेच होता, खिळ्याला.

तिला आत उभं केलं. ती किंचाळली. मला वाटलं नखरे करतेय. खांद्यांना धरून ठेवलं. ती नको गं आई, नको गं आई करत होती. मी म्हटलं, माझाही हात होता की याच पाण्यात.

मावशी धावत आली. तिने चिऊला बाहेर ओढलं. मग सवयीने माझा हात उलटा करून पाहिला आणि म्हणाली, शिजलाय.

५ ऑगस्ट

चिऊचे पाय घोट्यापर्यंत फोडांनी भरलेत. रडून रडून आवाज बसलाय. मी शेजारी बसून रडू यायची वाट पाहिली. नाही आलं.

धाकटीला फोन केला. म्हटलं, चिऊला घेऊन जा, माझ्यापाशी ठेवू नकोस. ती म्हणाली, रविवारी सकाळी गाडी घेऊन येते, मला आत सोडणार नाहीत, तू फक्त तिला फाटकापर्यंत आण. हे वाटलं म्हणून नाही केलं. माझ्यासारखी दुसरी आई असती तर तिच्याजवळ मी माझं मूल ठेवलं नसतं. हिशेब करून केलं.

६ ऑगस्ट

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चिऊचं औषध तयार आहे. आधीची आग, त्यात हे भाजणं — दोन्ही थांबेल. त्यांना तिच्याकडे बघवत नाही. पण पुढे ती माझ्यासारखी होईल की नाही, याची खात्री देता येत नाही. निर्णय माझा.

चिऊ बसक्या आवाजात म्हणाली, दुखू दे मला. मला आईसारखं नाही व्हायचं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, बघू.

नाही म्हणायला हवं होतं. लिहून ठेवते, म्हणजे लक्षात राहील — नाही म्हणायचं.

७ ऑगस्ट

चादरी वाळल्या. चिऊने हाका मारल्या. बऱ्याच मारल्या असं शेजारच्या खोलीतली बाई सांगत होती.

पाहणी राहिली.

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा विचारलं. मी मान हलवली. कशी हलवली ते आठवत नाही. त्या म्हणाल्या, मग उद्या सकाळी.

८ ऑगस्ट, रविवार

खिडकीतून धाकटी दिसते. फाटकाबाहेर उभी. हात हलवतेय. गाडीचं दार उघडं ठेवलंय.

चिऊचं सामान बांधलेलं आहे. उचलायचं, चिऊला कडेवर घ्यायचं, जायचं.

नर्स ट्रे घेऊन आली. डॉक्टरीणबाई पण. विचारतात, नक्की ना?

चिऊने माझा हात धरलाय, भाजलेला. घट्ट असावा, बोटं पांढरी पडलीत तिची. दुसऱ्या हाताने लिहितेय.

खाली हॉर्न वाजतोय.

त्या थांबल्यात. थोडा वेळ थांबतील. चांगल्या आहेत त्या. म्हणतात, गप्प का, बोला ना.

नर्सने चिऊची बाही वर केली. बघतेय माझ्याकडे. रडत नाहीये आता, नुसती बघतेय. एक शब्द. सोपा आहे —

नाही.

हे काय, आला की लिहिता. आता तोंडाने —