शून्य भरून टाक

४ तारीख, सोमवार

लागली बाई एकदाची नोकरी! सकाळी भिंगरीने माझ्या ओळखपत्रावरचा फोटो निरखून पाहिला आणि विचारलं, की आई, तुला कुणी रागावलं होतं का. सात वर्षांची आहे, पण जीभ माझ्यावर गेलीय. तिला शाळेत सोडून ऑफिसात पोचले. खिडकीजवळची जागा मिळाली. आधीच्या बाईंची शाल अजून खुर्चीवरच होती. आमचे साहेब बोलताना हवेतला फळा पुसल्यासारखे हात फिरवतात, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणतात.

रात्री आईला फोनवर काम समजावून सांगितलं. कर्नल म्हणजे संगणकाचा कारभारी. तो प्रत्येक प्रोग्रामला मेमरीतली जागा देतो, काम झालं की परत घेऊन दुसऱ्याला देतो. मधे झाडलोट होत नाही. नव्या भाडेकरूने आपलं सामान लावायच्या आधीच कपाटात हात घातला, तर आधीच्याचे कपडे हाती येणार ना, तसंच. कर्नलने स्वतःच असं उरलंसुरलं वाचून निर्णय घेतला, की घोटाळा. ते पकडायला आमच्याकडे एक तपासनीस प्रोग्राम आहे. कुठे कुणी लिहिलंय आणि कुठे नाही, याची तो खूण ठेवतो आणि न लिहिलेलं कुणी वाचलं की बोंब ठोकतो. त्या बोंबा ऐकायचा मला पगार. आई म्हणाली, मग काय, घरीही तू तेच तर करतेस!

६ तारीख, बुधवार

तपासनीस दिवसभर एकाच जागेवरून ओरडतोय. अशा जागेत एरवी अगडबगड आकडे असतात. आज उघडून पाहिलं तर चक्क वाक्यं. त्याच्या मधल्या बोटावर चामखीळ आहे. पाण्याला मंम म्हणायचा. उजवा बूट आधी घालतो.

शेजारची टेस्टर म्हणाली, आधीच्या बाईंना मुलगा आहे. पण यंत्र मी स्वतः बंद करून चालू केलं होतं. वीज गेली की मेमरीतलं जातं, हे शाळेतलं पोरही सांगेल. मग हे राहिलं कुठे? कुणीतरी थट्टा केली असणार, दुसरं काय.

मास्तर म्हणाले, शोधत बसू नकोस, शून्य भरून टाक. म्हणजे जागा कुणालाही देताना कर्नलने आधी शून्यं भरायची. मग ती ‘लिहिलेली’ ठरते आणि तपासनीस गप्प. मूळ चूक तशीच राहते, हे मला ठाऊक आहे. आधीच्या बाईंनी यालाच नकार दिला आणि भांडून गेल्या म्हणे. मला नाही परवडत बाबा भांडण. पहिल्याच आठवड्यात छाप पडली तर बरंच.

८ तारीख, शुक्रवार

भरलं शून्य. दिवसभरात एक बोंब नाही! मास्तरांनी सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या आणि माझा बदल मुख्य कर्नलमध्ये घेतला. आता तो सगळीकडे जाणार. मी आणि भिंगरी पलंगावर उड्या मारून नाचलो.

१२ तारीख, मंगळवार

आधीच्या बाई शाल न्यायला आल्या. बरोबर मुलगा होता. बाई सगळ्यांकडे बघून गोड हसत होत्या, मुलगा मात्र त्यांचा पदर सोडत नव्हता. लिफ्टपाशी त्यांनी मला हळूच विचारलं, की हा कुणाचा मुलगा? गुणी आहे, पण रोज माझ्याच घरी येतो.

मी मुलाच्या हाताकडे पाहिलं. त्याच्या मधल्या बोटावर चामखीळ होती. मी खाली वाकून विचारलं, आई अशी कधीपासून? तो म्हणाला, शुक्रवारपासून.

शुक्रवार. मी टाळ्या घेत होते तेव्हा.

१३ तारीख, बुधवार

माझ्या यंत्रावरचा बदल काढला. लगेच बोंब. जागा उघडली. मुलाचं काहीच नाही, नुसती शून्यं. त्यांच्या पुढे —

भिंगरी पहिल्यांदा चालली ती उलटी, भिंतीकडे. ताप आला की माझं कोपर धरून झोपते.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. आईलासुद्धा नाही. आता कळलं, आधीच्या बाई का भांडल्या ते. तो कचरा नव्हता. त्या त्याची राखण करत होत्या आणि मी मेलीने तो पुसला.

मास्तरांपुढे हात जोडले, बदल मागे घ्या म्हटलं. ते हसले. म्हणाले, त्या खुर्चीवर बसणारी प्रत्येक बाई असंच कसं बोलते? बदल सगळीकडे पोचलाय, आता परत येत नाही.

१४ तारीख, गुरुवार

आईचा फोन. भिंगरी जन्मली तेव्हाचं काहीतरी सांगून हसत होती. मीही हसले. मला तो दिवस आठवत नाही. ती कुठे जन्मली, आधी मी तिला घेतलं की आईने — काही नाही. विसरल्यासारखंही वाटत नाही. तिथे नुसतं स्वच्छ आहे.

१५ तारीख, शुक्रवार

कामावर गेले नाही. उपयोग नाही. घरी बसूनही जातंय.

सगळं लिहून काढते. लिहिलेलं राहतं. भिंगरी. माझी मुलगी. गालावर तीळ — डाव्या? तिला जवळ बोलावून पाहिला. उजव्या. पुन्हा लिहायला घेतलं, पुन्हा बोलवावं लागलं. तिसऱ्यांदा बोलावलं तेव्हा ती घाबरली. भिंगरी, बाळा, घाबरू नकोस गं. मीच घाबरलेय.

१६ तारीख

काल काय लिहिलं ते वाचलं. अक्षर माझं. समजतंय सगळं. पण कुणा दुसऱ्या बाईच्या घरातलं वाचावं तसं —

तीळ. कोपर. कोपर कशासाठी?

आईला बोलवायला हवं. भिंगरीला तिच्याकडे —

१७

घर छान आहे. शांत. डोकं अगदी हलकं झालंय.

दारात एक मुलगी उभी आहे. केव्हाची रडतेय. मला आई म्हणतेय बिचारी. एवढ्या लहान पोरीला असं सोडून जाते, कसली गं ही आई! भेटू दे, चांगली खरडपट्टी काढते तिची. आधी हिला पाणी देते आणि नाव विचा