बाबा रेकॉर्डवर आहेत का

दि. ३ जुलै

चि. सौ. चिमणीस, आईचे अ. उ. आ.

तू धाडलेलं सामान काल पोचलं. काळा खोका एक, वायर एक, जाडजूड पुस्तक एक, त्यात आपली सोडून बाकी सगळ्या भाषा. बिल काढून घ्यायला विसरलीस. किंमत वाचली आणि मी होते तिथेच स्टुलावर बसले. हमालाने जिन्याचे वेगळे घेतले. दोन धडधाकट स्पीकर असताना हे तिसरं बाळ कशाला, असं खरमरीत लिहिणार होते. पण खोक्यावर सबवूफर, म्हणजे खालचे जाड सूर काढणारा स्पीकर, हा शब्द दिसला आणि तुझा बेत ध्यानात आला. मागल्या पत्रात मी मामाच्या थट्टेचं लिहिलं, ते तू मनावर घेतलंस.

मामाची थट्टा तुला पाठ आहे. कारखान्याच्या बँडची ती एकुलती एक रेकॉर्ड लावायची, स्पीकरला कान टेकायचा आणि दाजी कुठे लपलेत म्हणून विचारायचं. कव्हरावरच्या फोटोत हे माणसाएवढा बास, ते जाड सुरांचं तंतुवाद्य, धरून उभे आहेत, आणि आत ऐकावं तर नुसती ट्रंपेटं. पूर्वी हे तावातावाने भांडायचे. या खेपेला मामा घरी परत गेल्यावर हळूच म्हणाले की कदाचित त्या दिवशी आपल्यापुढे माइकच ठेवला नसेल. परवा ती रेकॉर्ड यांनी रद्दीत घातली. मी काढून पिठाच्या डब्यामागे लपवली आहे.

खोका परत करावा म्हणते. महाग आहे हे सांगायला सोपं, पण तुझ्यापाशी खरं ते लिहिते. मला भीती वाटते. आज निदान शंका तरी आहे. एवढा खोका लावूनही काही निघालं नाही, तर माणूस पार मिटून जाईल. रोज देवापुढे बसते, पण काय मागावं ते सुचत नाही.

जावयांना आशीर्वाद. जेवणाची आबाळ करू नकोस. माया ठेव.

तुझी आई


दि. ९ जुलै

ती. सौ. आईस, शि. सा. न. वि. वि.

खोका परत करायचा नाही. केलास तर मी तो घेऊन स्वतः येईन आणि महिनाभर तुझ्या डोक्यावर बसेन.

दुकानदार म्हणाला की आपले स्पीकर लहान, त्यांना खालचे सूर पेलतच नाहीत. ते रेकॉर्डवर असले तरी खोलीत येत नाहीत. बाबा आहेतच असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. मलाही धाकधूक आहेच. पण रद्दीत टाकून झालंय, आई. याहून आणखी काय मिटायचं राहिलं?

आता नीट वाच. खोका आधी बाबांच्या खुर्चीत ठेव. रेकॉर्ड लाव आणि भिंतीच्या कडेने रांगत जा. हसू नकोस, असंच करतात. जिथे आवाज गोल आणि भरलेला वाटेल, ती खोक्याची जागा. बटण मात्र जरासंच फिरव. खोका चालू आहे हे कळू नये, बंद केल्यावर चुकल्याचुकल्यासारखं वाटावं, एवढंच.

बाबांना सांगू नकोस, मला मात्र सगळं सांग. लोभ आहेच, वाढव.

तुझी चिमणी


दि. १८ जुलै

चि. सौ. चिमणीस, आईचे अ. उ. आ.

तुझं पत्र मी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि तरी चुकले. एवढे पैसे मोजलेत तर बटण अर्धवट का फिरवायचं, म्हणून पूर्ण फिरवलं. कपाटातली भांडी बोलायला लागली, खिडकीची काच थरथरली. खालची शिंपीणबाई गळ्यातल्या टेपसकट धावत आली. कसलं यंत्र आणलंत, म्हणाली, माझ्या डबीतल्या टाचण्या नाचतायत. सगळं ऐकल्यावर मात्र पदर खोचून तीही माझ्याबरोबर रांगायला लागली.

तेवढ्यात हे केस कापून परत आले. पाहतात तर खुर्चीत खोका विराजमान आणि आम्ही दोघी गुडघ्यांवर. विचारतात कसे, तर हा कुठला नवा देव बसवलाय आणि याला नैवेद्य काय लागतो. शिंपीणबाई हसून भिंतीलाच टेकली. मग लपवणार काय? सगळं सांगून टाकलं. यांचा चेहरा उतरला. बंद कर म्हणाले आणि दारातच उभे राहिले, ना आत ना बाहेर.

जागा निघाली चपलांच्या कोपऱ्यात. चपला हलवल्या, खोका तिथे ठेवला, बटण तू सांगितलंस तेवढंच ठेवलं. मागची बाजू लावली, ती संथ चाल. आधी नेहमीसारखी ट्रंपेटं. मी डोळे मिटून देवाचं नाव घेत होते. आणि चिमणे, खालून कुणीतरी चालत आल्यासारखा आवाज आला. जड पावलांचा, पण घाई नसलेला. इतकी वर्षं ती चाल माझ्या कानांवर आहे, पण ती कशावर उभी आहे ते मला ठाऊकच नव्हतं.

मी यांच्याकडे पाहिलं तर हे अजून साशंक. म्हणाले, तसा आवाज खोकाही काढत असेल, यंत्राचा काय भरवसा. पण चाल तिसऱ्यांदा फिरली तिथे बास जरासा मागे पडला. आम्हाला काही कळलं नाही, यांना कळलं. दारातून आत आले आणि ओरडलेच, की हा उशीर माझा आहे! तिथे बोट घसरलं होतं, बँडमास्तरांनी सगळ्यांदेखत झापलं होतं, असा उशीर खोक्याच्या बापाला जमणार नाही. मग खाली बसून तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा लावला. प्रत्येक वेळी चूक आली की डाव्या हाताची बोटं गुडघ्यावर दाबायचे आणि आमच्याकडे असे बघायचे, जसं काही बक्षीसच मिळालंय.

मामाला बोलवायचं यांनीच काढलं. मी पत्र लिहायला घेतलं तर थांबवलं. आधी पोरीने ऐकायचं, मग बाकीच्यांनी, असा हट्ट आहे. रोज संध्याकाळी टपालाची चौकशी करतात आणि पोरीला पत्र लिहिलंस का, असं मला विचारतात. तेव्हा मामाचं आमंत्रण तुझ्यावाचून अडलंय. जावयांना रजा मिळाली तर बरं, नाही तर एकटी ये. कधी येतेस तेवढं उलट टपाली कळव.

तुझी आई