सूर्यास्तानंतरचं पाणी

भाद्रपद शुद्ध पंचमी, १९७६

आज बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, माझ्या नेमीचं नाव माइकवर घेतलं! पंडितांनी, स्वतः! "नेमिनाथ यांनी दोन वर्षं सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंब घेतलेला नाही, आणि यंदा चतुर्दशीला निर्जळी उपवास धरणार आहेत." सगळ्या बायकांच्या माना माझ्याकडं वळल्या. मी पदर सारखा केला आणि खाली बघितलं. खाली बघून हसले.

पन्नास वर्षांचा बाप्या, दिवसभर शाहूपुरीत गुळाच्या आडतीवर ओरडून घसा सुकलेला, आणि रात्री पाणी नाही. सोपं आहे होय? शेजारी चिमणाबाई होती. म्हणाली, "अक्काताई, पोरगं नशिबानं मिळतंय बगा असलं." मी म्हटलं, "पुण्याई की!" तिचा थोरला दिवे लागल्यावर मगच जेवायला बसतो. हे मी बोलले नाही. इथं लिहिते.

ही वही त्रिशलानं दिली. माझी नात, नेमीची एकुलती एक, उशिरानं झालेली. पाचवीत आहे. म्हणते, "आज्जी, तू दुसरीपर्यंत शिकलीस ते गंजायला लागलंय. रोज लिही." मास्तरीणच! काल माझं लिहिलेलं वाचून पोट धरून हसली. तिचे पुढचे दोन दात अजून वाकडे आहेत. हसली की मला वाटतं घरात ऊन आलं.

भाद्रपद शुद्ध नवमी

अरुणाशी भांडले. सून चांगली आहे, पण आज डोकं फिरवलं.

"अव्वा, ह्यांना निर्जळी करू दिऊ नका."

"का गं?"

"असंच."

असंच म्हणजे काय? नवऱ्याचं पुण्य डोळ्यात खुपतंय व्हय? — असं मी बोलले. बोलायला नको होतं. ती भाकरी थापत होती, थापता थापता हात थांबला, आणि परत थापायला लागली.

यंदा नेमी बाहुबलीच्या दर्शनालाही आला नाही. "एस.टी.त बसवत न्हाई अव्वा एवढा वेळ." अरे, तासाभराचा रस्ता! मी म्हातारी बसते. आळशी झाला आहे म्हटलं. परवा चालत आडतीवर निघाला आणि कोपऱ्यावरनं परत आला, मोरीत गेला, परत निघाला. विसरला असेल काहीतरी.

भाद्रपद शुद्ध चतुर्दशी

नेमीनं थेंब घेतला नाही. ओठ फुटलेत. काय तेज आलं होतं तोंडावर!

भाद्रपद पौर्णिमा

काय लिहू.

सकाळी दर्शन करून आला. पारण्याला मी माझ्या हातानं पानक केलं होतं — आपल्याच आडतीचा गूळ, सुंठ, वेलदोडा, ताजं पाणी. मोठा पितळी पेला भरून दिला. प्याला. दुसरा दिला. "बास अव्वा." मी म्हटलं, "बास काय? आईच्या हातचं हाय." तिसरा. चौथा. अरुणा दारात उभी. तिच्याकडं बघत बघत मी चौथा ओतला.

दुपारी परसात येरझाऱ्या घालायला लागला. मोरीत जायचा, बाहेर यायचा. मोरीत जायचा, बाहेर यायचा. घामानं सदरा भिजला. "अव्वा, जरा गरम पाण्याची पिशवी दे." ओटीपोट नगाऱ्यासारखं. चार वाजता माझा पन्नास वर्षांचा लेक भिंतीला डोकं लावून हंबरला. गाय अडली की हंबरते तसा. टांगा बोलावला. गल्लीतल्या प्रत्येक खड्ड्याला ओरडत गेला. त्रिशला फाटकात उभी राहून कानावर हात धरून रडत होती.

भाद्रपद वद्य प्रतिपदा

नळी घातली आहे. दवाखान्यातली सिस्टर म्हणाली दीड लिटरच्या वर निघालं. एवढं माणसाच्या पोटात मावतं?

डॉक्टर तरुण आहेत, पण बसवून समजावून सांगितलं. प्रोस्टेट म्हणून एक ग्रंथी असते, पुरुषांनाच असते, मूत्राशयाच्या तोंडाशी. पन्नाशीच्या पुढं बऱ्याच जणांची वाढते. वाढली की लघवीची वाट आवळते. "आजीबाई, पाप-पुण्याचा काही संबंध नाही. केस पांढरे होतात तसं हे." मग नेमीला विचारलं, "किती दिवस त्रास आहे?"

नेमी भिंतीकडं बघत राहिला. अरुणा बोलली.

"तीन वर्षं झाली डॉक्टर. रात्री सात-आठदा उठायचे. उभं राहून राहून पाय दुखायचे, तरी थेंब थेंब. म्हणून मग संध्याकाळनंतर पाणीच सोडलं."

म्हणून पाणी सोडलं.

नेम नव्हता तो. झाकण होतं. आणि त्या झाकणावर मी हळदीकुंकू वाहत बसले होते.

डॉक्टर म्हणाले लघवी तुंबून तुंबून दोन्ही मूत्रपिंडांवर ताण आला आहे. रक्तात विष चढलं आहे. ते उतरल्यावर ऑपरेशन. "वर्षभर आधी आले असते तर एवढं झालं नसतं."

वर्षभर आधी त्याच्या नेमाला एक वर्ष झालं म्हणून मी गल्लीत घरोघरी पेढे वाटले होते.

सगळी गेल्यावर विचारलं, "मला का सांगितलं न्हाईस रे?"

डोळे मिटून म्हणाला, "सांगायला आलतो अव्वा. तू पेढ्याचं ताट घेऊन दारात उभी हुतीस."

भाद्रपद वद्य षष्ठी

अरुणाची माफी मागायची आहे. तोंड उघडत नाही. आज तिच्यासाठी घरनं डबा करून नेला. तिनं खाल्ला. "अव्वा, आमटी तुमच्यासारखी मला अजून जमत न्हाई," म्हणाली. मी बाहेर जाऊन रडले.

भाद्रपद वद्य अष्टमी

काल सकाळी ऑपरेशन झालं. ओटीपोटावर चीर. बाटलीत लाल पाणी येतं.

डॉक्टरांनी एकच गोष्ट दहादा सांगितली: पाणी. दिवसा, रात्री, तासातासाला. आत रक्ताच्या गाठी धरल्या तर नळी तुंबेल. आणि माझा शहाणा! संध्याकाळपर्यंत प्याला. सूर्य बुडाला आणि तोंड मिटलं. सिस्टर रागावली. अरुणानं हात जोडले. नाही म्हणजे नाही. आज पहाटे नळी तुंबली. पिचकारीनं धुऊन काढताना दोघांनी त्याला धरून ठेवलं होतं. डॉक्टर म्हणाले, परत तुंबली तर पोट परत उघडावं लागेल, आणि ते ह्यांना झेपायचं नाही.

मी म्हटलं, "नेमी, अरे तो नेम खरा नव्हताच. अरुणानं सांगितलं की."

"तुला कळलं. बस्तीला कुठं कळलंय?"

"आजाऱ्याला सूट असती की!"

"सूट घ्यायची तर पंडितांपुढं आजार सांगाय पायजे. काय सांगू? मुताय जमत न्हाई म्हणून? अव्वा, उद्या आडतीत शेतकरी माझ्या धोतराकडं बघून बोलतील. मरूं दे मला."

मरूं दे म्हणाला. मला. त्याच्या आईला.

भाद्रपद वद्य नवमी

बस्तीत गेले. एकटी गेले. अभिषेक उरकला होता, बायका बसल्या होत्या, पुरुष पलीकडं. पंडितांपुढं उभी राहिले. आवाज माझा पहिल्यापासून मोठाच.

म्हटलं, "पंडितजी, माझ्या लेकाला लघवीचा आजार हाय. तीन वर्षं हाय. प्रोस्टेट म्हणत्यात त्याला. रात्री उठाय लागू नये म्हणून त्यानं पाणी सोडलं, आणि मी त्याला व्रत म्हणून मिरवलं. तुम्ही माइकवर सांगितलं ते माझ्यामुळं. आता ऑपरेशन झालंय, रात्री पाणी प्याला न्हाई तर मरंल. त्याला सूट द्या. सगळ्यांसमोर द्या, म्हणजे त्याला लपवाय काही उरणार न्हाई."

पुरुषांच्या बाजूला कोणीतरी खाकरलं. एक पोरगी फिसकन हसली, तिला आईनं चिमटा काढला. पंडितांनी पोथी मिटली. मग म्हणाले, "अक्काताई, आजाऱ्याला पाणी हे औषध. त्यानं घ्यावं. दोष असलाच तर आमचा. माणूस कशानं सुकतोय हे न विचारता आम्ही नाव पुकारलं."

बस्तीच्या पायऱ्या उतरताना चिमणाबाईनं माझा हात धरला. मला वाटलं आता टोमणा मारणार. फाटकापर्यंत नुसता हात धरून आली.

सूर्य बुडाल्यावर नेमीपुढं पेला धरला. झालं ते सगळं सांगितलं. त्याचे कान लाल झाले. "सगळ्यांना? बाप्यांना बी?" "बाप्यांना बी." तोंड फिरवलं त्यानं. मी पेला धरून उभी. हात भरून आला तरी उभी.

मग भिंतीकडंच बघत म्हणाला, "आण हिकडं."

चार पेले. मी मोजून ओतले, आणि या वेळी अरुणानं धरले.

आश्विन शुद्ध प्रतिपदा

नळी काढली. दोन तास आम्ही तिघं वाट बघत बसलो. मग आत गेला, आणि बाहेर येऊन सिस्टरला म्हणाला, "धार लागली." सिस्टर हसली, अरुणा रडली, मी दोन्ही केलं! असल्या गोष्टीचा आनंद होईल असं कोणी सांगितलं असतं तर मी त्याला दाराबाहेर काढलं असतं.

पण मूत्रपिंडं पूर्ववत होणार नाहीत. डॉक्टर स्पष्ट बोलले. मीठ कमी, ओझं उचलायचं नाही, महिन्याला रक्त तपासायचं, आणि पुढं किती वर्षं ते सांगता येत नाही. ही वर्षं कोणी खाल्ली ते मला ठाऊक आहे.

त्रिशला भेटायला आली. बापाच्या उशाशी बसून भूगोलाचा धडा वाचून दाखवला. तो ऐकता ऐकता झोपला. तीन वर्षांत पहिल्यांदा एवढा वेळ झोपला, अरुणा म्हणाली.

आश्विन शुद्ध पंचमी

नेमी घरी आला. आज जोतीराम भेटायला आला होता — आमच्या आडतीवरचा जुना हमाल, नेमीच्या वडिलांच्या वेळचा. आता डोळ्यांनी अधू झाला आहे, नातवाच्या खांद्याला धरून आला. मी बस्तीत बोलले ते बाजारभर झालं आहे, त्याच्याही कानावर गेलं.

ओट्यावर बसला. चहा प्याला. म्हणाला, "अक्काताई, तुमी बोलला ते ब्येस केलं. थोरल्या मालकांना बी ह्योच तरास हुता न्हवं."

मी म्हटलं, "कुणाला?"

"मालकांना. म्हणून तर आडतीत झोपायचं. मागं गटार हुतं, उठाय सोपं पडायचं. रातीला आठ-आठ डाव. मी कंदील धरायचो. मला शपथ घातलीती — काय बी झालं तरी घरात तिला सांगू नगं. आता ते गेल्याला बी यकवीस वर्सं झाली. शपथ किती दिवस राखू?"

मी कपबशी उचलून आत आले. चुलीपुढं बसून राहिले. अरुणा दोनदा हाक मारून गेली.

कोणाला बोलले नाही ते आज लिहिते. हे गेले त्याच्या आधी चार वर्षं घरी झोपायचं सोडून आडतीत झोपायला लागले, जेवायला तेवढे घरी यायचे. म्हणाले, गुळाला राखण पाहिजे. गुळाला कधी राखण लागते? मी समजले, बाहेर कोणीतरी बाई आहे. विचारलं नाही. भांडलेही नाही. गप्प झाले. पोट फुगून तीन दिवसांत गेले तेव्हा वैद्य जलोदर म्हणाला. मी बांगड्या फोडून घेतल्या, पण आतून रडले नाही.

आश्विन शुद्ध षष्ठी

चार वर्षं दोन्ही वेळचं ताट वाढलं त्यांना. एकदाही "जेवा" म्हटलं नाही.