सोवळ्याची तार

जुन्नर, कार्तिक वद्य ५, शके १८३६

तीर्थस्वरूप दाजींच्या चरणी नारोशास्त्र्याचे दंडवत. इकडे लोणच्याची बरणी वगळता सर्व कुशल. तिकडे ताईचा गुडघा कसा आहे ते लिहावे. बरणीस आपल्या चिरंजीवांनी सद्गती दिली. आतबाहेर कथलाचा वर्ख चिकटवून तीत ते आता वीज मुरवतात. (लोणचे तांब्याच्या पातेल्यात काढले, ते हिरवे होऊन गाईनेही नाकारले.)

तारखात्यातून रजेवर मामाकडे आलेला हा आपला चांगदेव बिनतारी संदेश पाठवतो, तोही चिमूटभर विजेवर. म्हणतो, पुष्कळ वीज जाळून कोणीही ओरडेल. खरी विद्या सूर लावण्यात. म्हणून आमच्या लाटण्यावर तांब्याची तार गुंडाळून, पितळी खिट्टी मागेपुढे सरकवत तो तंबोऱ्यासारखा सूर जुळवतो. (शब्द हा आकाशाचा गुण, असे नैयायिक लाटण्यावाचूनच म्हणून गेले.) त्याच सुराचे दुसरे यंत्र कानाला लावून नदीकाठच्या कागदखान्यात त्याचा मित्र अमजद कागदी बसतो. संदेश पोचला की नाही, हे सांगायला मात्र अमजदला पायीच यावे लागते.

छपरावर उंच तार ताणली आहे. कोणाचा हात न लागणारी इतकी पवित्र जागा आमच्या कुटुंबास जन्मात प्रथमच लाभली. तिने काठीने ओले सोवळे तारेवर टाकले. झाले, सूर उतरला! चांगदेवाने खिट्टी सरकवून तो जुळवावा, तोवर सोवळे वाळून सूर पुन्हा चढावा.

"मामी, ते सोवळं काढा!"

"तूच तुझी तार काढ. सोवळं आधीपासून आहे या घरात."

तेवढ्यात अमजद धापा टाकत दारात. "शास्त्रीबुवा, मघाशी आलं व्हतं, आता न्हाई. काकींनी लुगडं उलटं टाकलं का काय?"

अखेर सोवळे कडकडीत वाळल्यावर अमजद ओरडतच आला, "आलं राव, लई झ्याक आलं!" संदेश होता, जेवायला ये. तो आलाच होता. ओटीवर जेवून गेला.

आपला मेहुणा,
नारोशास्त्री

ता. क. बरणी पाठवू नये. पाठवल्यास दोन पाठवाव्या, एक विजेस लागेल.

पुन्हा ता. क. काल फौजदार आले. "ही तार कशाची?" मी म्हटले, "सोवळे वाळवायची." हसून गेले. चांगदेव मात्र संतापला: त्याच्या विद्येला मी दोरी म्हटले! पुढल्या आठवड्यात तो यंत्र कचेरीत नेऊन फौजदारांपुढे चालवून दाखवणार आहे. जर्मनाशी लढाई चालू आहे, परवान्याशिवाय असले यंत्र ठेवणे गुन्हा आहे, हे त्याच्या कानी जात नाही. माझा सूर त्याला लागत नाही, आपला लागेल. पत्र मिळताच निघावे.

चांगदेव आपल्या ओळखीने सुटेल. पण पलीकडे ऐकत कोण बसतो, हे कचेरी विचारणारच. आणि तुर्कस्थान जर्मनाच्या बाजूने लढाईत उतरल्यापासून अमजद हे नाव ऐकल्यावर ती आणखी काही ऐकणार नाही. दाजी, मला भीती वाटते ती त्याची.