शटर आतून वाजलं

मांजर्ली, बदलापूर (पश्चिम)
८ डिसेंबर २०२४

प्रिय प्राचीताई,

सप्रेम जयभीम. दाजींचा खोकला गेला का? जिज्ञासाला म्हणावं, मावशीच्या घराला आता बाहेरून जरा चेहरा येतोय.

फोन सोडून पत्र का, असं तू म्हणशीलच. हेंद्रेपाड्याच्या भाड्याच्या खोलीत बोललेलं सगळं ह्यांच्या कानावर जातं. इथेही हे जवळपासच असतात, म्हणून नव्या घराच्या पायरीवर बसून लिहिते आहे.

शटरवाल्याने आणि किसन गवंड्याने माझं डोकं खाल्लं बघ. किसन म्हणायचा, "वयनी, पयलं शटर लावून घ्या, मग मी कडा भरतो." उल्हासनगरचा शटरवाला म्हणायचा, "भाभी, पहले प्लास्टर कराव, फिर नाप लूंगा." दोघं एकमेकांची वाट बघत आपापल्या घरी, आणि माझं घर उघड्या विटांचं. शेवटी दोघांना समोरासमोर उभं केलं आणि म्हटलं, "मानपान झाले असतील तर कामाचं बघा." तेव्हा कुठे खालच्या खोलीला शटर बसलं, आणि काल बाहेरच्या गिलाव्याला हात लागला.

तू दोनदा विचारलंस, राजेंद्र कसे आहेत. दोन्ही वेळा मी तुला रेतीची गाडी आल्याचं सांगितलं. ह्यांची आनंदनगरची कंपनी बंद पडून नोकरी गेल्यापासून हे बोलतच नाहीत, ताई. रागावतही नाहीत. जेवतात, बसतात, विचारलं तर मान हलवतात. पंपदुरुस्तीचं दुकान काढायला खालची खोली ठेवली, तीही माझ्याच हट्टाने. आणि वाईट म्हणजे, आम्हाला सगळ्यांना त्याची सवय झाली.

त्या सवयीनेच काल घात केला. हे दुकानात कोपऱ्यात खुर्ची टाकून बसले होते. सिमेंटचा माल आत उडू नये म्हणून किसनने शटर खाली ओढलं. आत कोणी आहे हे त्याच्या ध्यानात नाही, आणि हे "अरे थांब" म्हणाले नाहीत. त्याने दोन्ही कडांना गिलावा थापला. शटर ज्या खाचांतून सरकतं त्यांत माल शिरला, उन्हाने आवळत गेला आणि शटर जाम झालं. त्या खोलीला दुसरं दारच नाही.

मी डबा घेऊन आले तर हे नाहीत. मोबाईल खोलीवर. किसनला माहीत नाही, शेजारी माहीत नाही. ताई, माझे पाय थेट नदीकडे वळले. तीच भीती मी एवढे दिवस गिळून होते, बोलले तर खरी होईल असं वाटायचं. मी रस्त्यातच ओरडत सुटले, "अहो! अहो, कुठे आहात?"

आणि शटर आतून धडाधडा वाजलं.

"अगं स्वप्ना, इथे आहे मी! ह्या किसनने चिणलंय मला! ए किसन, थापी ठेव खाली, आधी खाचा साफ कर! शटर पाडून गिलावा करतात होय रे?"

इतका मोठा आवाज मी लग्न झाल्यापासून ऐकला नव्हता. मी रस्त्यावरच फतकल मारली. हसत होते की रडत होते, मलाच कळेना. बाहेरून किसन खरवडतोय, आतून हे तोंडसुख घेताहेत. शटर गुडघ्याएवढं वर गेलं तसे हे सरपटत बाहेर आले, केसांत सिमेंट, आणि आधी डबा मागितला.

जेवताना विचारलं, शटर पडताना बोलला का नाहीत? म्हणाले, "अंधारात बरं वाटलं." मग थोड्या वेळाने, "तुझा आवाज नदीच्या बाजूला जायला लागला. तिकडे कशाला गं शोधायचं मला?" मी त्यांच्या केसांतलं सिमेंट झटकत राहिले. त्यांनी हातातला घास परत डब्यात ठेवला.

आज सकाळपासून हे परांचीखाली उभे राहून किसनच्या चुका काढताहेत. शटरवाल्याशी फोनवर हिंदीत भांडून झालं. सुटले गं मी.

येत्या पौर्णिमेला घरात बुद्धवंदना ठेवली आहे. रंग झाला नाही तरी सगळ्यांनी या.

आतून हे हाक मारताहेत. दुसरी हाक झाली, तरी मुद्दाम उठत नाहीये. अजून मारू देत.

तुझी,
स्वप्नाली