यांच्या हातची गाठ

३ मार्च
रंगारी म्हणाला, शुक्रवारपर्यंत गॅलरी मोकळी हवी, कपड्यांची दोरीसुद्धा काढा. दोरी काढायची नाही! युद्धावर निघण्यापूर्वीच्या शेवटच्या रजेत यांनी ती बांधली. महिन्याभरात युद्धनौका बुडाली. घरी आले ते फक्त पदक. यांच्या हातचे म्हणावे असे या घरात एकच उरले आहे — दोरीच्या टोकाची ती गाठ. एकतीस वर्षे झाली.

४ मार्च
गाठीची आकृती काढली. रचना समजून घेण्यासारखी आहे: आधी भिंतीतल्या कडीभोवती दोन पूर्ण वेढे, मग ताणलेल्या दोरीवर दोन अर्ध्या गाठी. भार पेलते ते वेढ्यांतले घर्षण; गाठी केवळ टोक निसटू देत नाहीत. म्हणजे ओझे जितके जास्त, तितकी पकड घट्ट — किती सुंदर तत्त्व! आणि सगळे वेढे उलट्या दिशेने, कारण हे डावखुरे. ही यांची सहीच.

बांधून झाल्यावर स्टुलावरूनच म्हणाले होते, "मास्तरीणबाई, आता अख्खी शाळा वाळत घाला!"

वर्गात घर्षण शिकवताना हेच उदाहरण देते. गाठ कोणाची, ते सांगत नाही.

५ मार्च
सासूबाई म्हणाल्या, "कापू दे की." स्वतःच्या मुलाचा विषय त्या कधीच काढत नाहीत, पण इतके कोरडे?

६ मार्च
रंगाऱ्याला गळ घातली: दोरी कापू नकोस, भिंतीतली कडीच गाठीसकट काढून दे. भला माणूस, तयार झाला. दोरी बोटांत चोळून म्हणाला, "पण ताई, ही फार तर दोन वर्षांची आहे. सुती दोरी उन्हात टिकते होय?"

उन्हाने धागे कुजतात, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. एकतीस वर्षे लिहिते आहे!

७ मार्च
सासूबाईंना विचारले. शेंगा सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "शास्त्र शिकवतेस ना पोरांना? रोज सकाळी चहा घेऊन तिथं उभी राहतेस. दोरी तुटली असती म्हणजे?"

दर दोन-तीन वर्षांनी, मी शाळेत गेले की, त्या स्टुलावर चढत. जुनी गाठ सोडताना एकेक वेढा पाहून ठेवत आणि नवी हुबेहूब तशीच बांधत. नवी दोरी पांढरी दिसू नये म्हणून आधी ती चहाच्या पाण्यात बुडवत.

म्हणजे यांची गाठ केव्हाच गेली. मला रडू यायला हवे होते. मी त्यांच्या हातांकडे पाहत राहिले.

"आता हात वर जात नाहीत," त्या म्हणाल्या. "म्हणून कापू दे म्हटलं."

१० मार्च
रंग वाळला. कडी परत भिंतीत बसवून घेतली, नवी दोरी आणली. स्टुलावर मी, स्टूल धरून सासूबाई. पहिला वेढा माझ्या हातून सुलटा पडला.

"उलटा घाल, अगं. डावखुरा होता ना तो."

मग दिवे लागेपर्यंत त्या यांच्याविषयीच बोलत होत्या.